हत्तीच्या जागी धोटा

माझ्या भावानं बुद्धिबळातून हत्ती काढून टाकले तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता आणि घरी बसून त्याला सात महिने झाले होते. हत्तीच्या जागी त्यानं धोटा आणला. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्या ताण्यातून दोन्ही टोकांना निमुळता असा एक लाकडी ठोकळा सुताची कांडी पोटात घेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत सुटतो, परत येतो, पुन्हा जातो. तो धोटा. त्याच्या येण्याजाण्यानं कापड होतं. भावाच्या कारखान्यात टॉवेलचे आठ माग होते. आठ धोटे दिवसभर पळत असायचे, आणि तो आवाज चाळीस वर्षं कानात गेल्यामुळे आज त्याला दाराची कडी वाजलेलीही ऐकू येत नाही.

आमची घरची भाषा तेलुगू. मोठ्या भावाला मी अन्ना म्हणते आणि तो मला चेल्ली म्हणतो, म्हणजे धाकटी बहीण. बुद्धिबळ मात्र आम्ही कायम मराठीतून खेळलो, कारण अन्ना ते कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या जॉबरकडून शिकला आणि त्या माणसाला तेलुगू यायचं नाही. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. मी नऊ वर्षांची असताना अन्नानं मला कारखान्याच्या पायरीवर बसवून खेळ शिकवला. आतून आठ मागांची खटखट चालू असे, त्यामुळे तोंडानं सांगून उपयोग नव्हता. गुडघ्यावर दोनदा टिचकी म्हणजे शह. बाकीचं ओठांवरून ओळखायचं. मागावरच्या सगळ्या माणसांना ओठ वाचता येतात, त्यात विशेष काही नाही.

मी पुढं गणिताची शिक्षिका झाले. माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. वर्गात पाऊल टाकलं की शेवटच्या बाकावरची कुजबुज बंद होते. अन्नापुढं मात्र माझा राग कधी चालला नाही. माझ्या शिक्षणापायी त्यानं स्वतःचं अकरावीत सोडलं, हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानं बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माग गेले ते दोन दिवसांत गेले. बाजारात बिनधोट्याच्या मागांचा माल आला होता आणि अन्नाच्या टॉवेलला कुणी विचारीना. भंगारवाल्याची माणसं आली, पाने लावून त्यांनी माग खोलले आणि टेम्पोत भरले. दुसऱ्या दिवशी अन्ना गोणपाट घेऊन दारात उभा राहिला आणि प्रत्येक मागातला धोटा काढून घेत राहिला. "लाकडाचं भंगारात काय काम हाय?" एवढंच तो म्हणाला. त्या माणसांनीही वाद घातला नाही.

त्यानंतर तो बसला. नुसता बसला. चाळीस वर्षं पहाटे उठणारा माणूस आता नऊ वाजले तरी पलंगावर पाय सोडून भिंतीकडं बघत बसायचा. दाढी वाढली. कुणी आलं तर ऐकू येत नसल्याचं निमित्त होतंच. माझी वहिनी, तिला मी वदिना म्हणते, एकदा माझ्याकडं आली. माझं घर दोन बोळ सोडून आहे. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "चार महिनं झालं, त्यांनी आरसा बघितला न्हाय. तू ये की रोज. ते बुद्धिबळ तरी मांड."

मी रोज जायला लागले. शाळा सुटली की पिशवीत वह्यांचा गठ्ठा घेऊन थेट त्याच्याकडं. पहिले पंधरा दिवस तो माझ्या समाधानासाठी सोंगट्या हलवायचा. सोळाव्या का सतराव्या दिवशी त्यानं हातातला हत्ती उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो हत्ती आपल्या कुटल्या कामाचा? आपल्याकडं कुनी बघितलाय हत्ती लढताना?"

मी म्हणाले, "उंट तरी कुठं पाहिलाय?"

"उंट असू दे. हत्ती काढ."

असं ते सुरू झालं.

त्यानं गोणपाटातला एक धोटा कापून, तासून त्याचे दोन छोटे धोटे केले, अंगठ्याएवढे. एक पांढऱ्याचा, एक काळ्याचा. काळ्याला त्यानं वदिनाच्या चुलीतली काजळी तेलात खलून लावली. रिकाम्या कांड्यांचे तुकडे करून प्यादी बनवली. धोट्याची जागा ठरली प्याद्यांच्या पुढच्या ओळीत, आपल्या डाव्या कडेला. तो सरळ पुढं जात नाही. तो आडवा सुटतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि वाटेत शत्रूचं जे असेल ते पडतं. आपलंच मोहरं मधे असेल तर फेकताच येत नाही. पलीकडं पोचला की तो एक ओळ वर चढतो, कारण धोट्याच्या एका फेरीनं कापड एका धाग्यानं पुढं सरकतं. म्हणजे फेरीगणिक तो समोरच्या राजाच्या एक ओळ जवळ जातो. हा नियम अन्नाला सुचला तेव्हा त्यानं माझा हात धरला होता. मला अजून आठवतं, त्याच्या हाताला काजळी लागली होती आणि माझ्या पांढऱ्या बाहीवर त्याची पाच बोटं उमटली.

वजीर गेला, त्याच्या जागी जॉबर आला. तो एकेकच घर चालतो, पण एक खेळी खर्चून आपलं मेलेलं प्यादं शेजारच्या घरात पुन्हा उभं करू शकतो. शेजारशेजारची दोन प्यादी खरोखरीच्या दोऱ्यानं बांधता येतात. त्याला गाठ म्हणायचं. गाठीतली प्यादी बरोबरच चालतात आणि धोट्याशिवाय त्यांना कुणी मारू शकत नाही. राजाला मालक म्हणू या, असं मी सुचवलं होतं. "मालक कुटं हलतोय जागचा," अन्ना म्हणाला, "राजा निदान एक घर तरी चालतो." बऱ्याच महिन्यांनी तो हसला होता, म्हणून मी पुढं बोलले नाही. नाहीतर तोही कधीकाळी आठ मागांचा मालकच होता.

नियमांवरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. आपलं तेच खरं करण्यात दोघंही सारखेच. पण अन्नाची एक पद्धत होती आणि ती त्यानं मोडली नाही. मागावर नवी नक्षी लावली की आधी हातभर नमुना विणून बघतात. नमुना पसंत पडला की मग अख्खा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, त्याच नक्षीत उतरवायचा, मधे काही बदलायचं नाही. मधे बदललं की टॉवेल टॉवेलाशी जुळत नाहीत. तसंच नियमाचं. नवा नियम सुचला की त्याचे पाच डाव नमुन्याचे. पटला तर नियम वहीत चढायचा आणि वहीत चढलेला पुन्हा बदलायचा नाही. मी हे मान्य केलं. तेव्हा मला ती शिस्त फार आवडली होती.

वहीत तो डावसुद्धा लिहायचा. तारीख, पांढरी कुणाची, जिंकलं कोण. सुरुवातीला मी जास्त जिंकायचे, कधी तो. गणेशोत्सव संपेपर्यंत वहीची अर्धी पानं भरली. अन्ना दाढी करायला लागला. गल्लीतल्या न्हाव्याला, दवाखान्यातल्या डॉक्टरांना, दुधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं की आपण नवीन खेळ काढला आहे. वदिना मला डब्यात काहीबाही भरून द्यायला लागली. तिनं तोंडानं कधी आभार मानले नाहीत, पण डबा जड असायचा.

शहरात बुद्धिबळाचा एक वर्ग चालतो. तो चालवणारे सर माझे जुने विद्यार्थी, वळसंगकडचे. रविवारी सकाळी तिथं मोठी माणसं जमतात, निवृत्त बँकवाले, इंजिनिअर, एकदोन वकील. मी सरांना फोनवर अन्नाच्या खेळाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "आणा की मॅडम काकांना. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की एक रविवार ठेवू." अन्नाला सांगितल्यावर त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. एकदा ओठ पाहून आणि एकदा हातावर लिहून.

मग त्याच्या डोक्यात आलं की नियम सुवाच्य अक्षरात लिहून न्यावेत आणि सोबत नमुन्याचा एक डाव खेळी-खेळीनं मांडून दाखवावा. अक्षर माझं बरं, म्हणून काम माझ्याकडं आलं. दिवाळीची सुट्टी होती. फराळाचं उरकून दुपारी मी स्वयंपाकघरात पाटावर कागदाचा पट आखला आणि डाव लिहायला बसले. पांढऱ्यानं असं खेळलं तर काळ्यानं काय करावं, असं एकेक बघत गेले. काळ्याला चांगलं उत्तर सापडेना. दुसरं करून पाहिलं. तिसरं. दुसऱ्या दिवशीही तेच करत बसले. घोडं पेंड कुठं खातं ते तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर मी तो कागद चुरगाळला, मग पुन्हा सरळ करून पाहिला.

पहिली खेळी ज्याची, तोच जिंकणार. दोन्हीकडचे धोटे एकेक ओळ चढत समोरासमोर येतात. ज्यानं आधी सुरुवात केली त्याला एक खेळी हाताशी असते. ती खेळी त्यानं योग्य जागी खर्चली की काळ्याचा धोटा जिथं उतरेल तिथं पांढऱ्याचा त्याला खातो, आणि काळ्यानं धोटा जागचा हलवलाच नाही तर तो घरातच मरतो. मग पांढऱ्याचा धोटा अडवायला कुणी उरत नाही. चौदाव्या खेळीपर्यंत राजा जातो. काळ्यानं काहीही केलं तरी जातो. आम्हांला इतके महिने हे दिसलं नाही, त्याचं कारण साधं होतं. मागवाला धोटा उगाच सोडत नाही. अन्ना धोटा राखून राखून खेळायचा आणि त्याचं बघून मीही तसंच खेळायला शिकले होते.

यावर उपाय होता, तोही मीच काढला. समोर शत्रूची गाठ आली तर धोटा तिला न मारता तिथंच थांबावा, पटाच्या मधोमध. एवढं केलं की पांढऱ्याची ती हाताशी असलेली खेळी निकामी होते आणि खेळ दोघांना सारखा होतो. आठवडाभर मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं. उपाय पक्का होता.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडं गेले. सरळ सांगायचं सोडून मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. "अन्ना," मी म्हणाले, "गाठीशी धोटा थांबला तर कसं? जरा गंमत येईल."

तो उठला. गोणपाटातला एक खरा धोटा आणून त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो मधी अडकला तर काय होतंय, म्हाईत हाय न्हवं तुला? कारखान्यात मोठी झालीस की."

"ताणा तुटतो."

"दोनशे तारा जात्यात एका टायमाला. कवा तीनशे. मग माग बंद, मानूस दिवसभर वाकून गाठी मारत बसतंय. चाळीस वर्सं मी दुसरं काय केलंय? धोटा थांबू दिला न्हाय, येवढंच केलंय. आन आता माज्या खेळात मीच त्याला मधी थांबवू?" त्यानं धोटा परत घेतला. "वहीत चढलाय नियम. बीम उतरू दे आदी."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: अन्ना, नाहीतर पांढरा नेहमीच जिंकतो. तो चिडला असता, आठ दिवस बोलला नसता, मग त्यानंच पट मांडला असता आणि थांबणाऱ्या धोट्याच्या जागी आणखी काही शोधलं असतं. तो शोधणारा माणूस होता. मला आज हे लख्ख दिसतं. त्या दिवशी मला फक्त त्याची गुळगुळीत हनुवटी दिसली आणि दारात उभी असलेली वदिना दिसली. मी म्हणाले, "बरं, राहू दे."

त्या दिवसापासून मी हरायला लागले.

पांढरी माझ्याकडं आली की मला उत्तर माहीत असायचं. एकदा उत्तर माहीत झालं की चुकीचं लिहायला मुद्दाम हात वळवावा लागतो. मी ती खेळी टाळायचे, आणि संशय येऊ नये म्हणून बरंच काही टाळायचे. कुठं उंट उघडा ठेव, कुठं जॉबर लांब धाड. परीक्षेत नक्कल करणारी मुलं मी तीन बाकांवरून ओळखते, तेव्हा आपण पकडले जाणार नाही अशी चूक कशी करायची ते मला चांगलं ठाऊक होतं. अन्ना काळी घेऊन जिंकायला लागला. आधी दोनात एक, मग तिनात दोन. वहीत त्याच्या नावापुढच्या खुणा वाढत गेल्या.

"चेल्ली, डोकं चालायला लागलं बग माजं," तो एकदा म्हणाला. "कानात आवाज व्हता तवर आत काय चाललंय त्ये ऐकूच येत न्हवतं."

मी मान हलवली. मला स्वतःची चीड आली आणि ती मी घरी जाऊन नवऱ्यावर काढली. त्याच्या चहात साखर कमी पडली होती, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

असं संक्रांतीपर्यंत चाललं. रविवारी वर्गात जाऊन खेळ दाखवायचा तर तिथल्या माणसांना इतक्या लवकर काही कळणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते. एका सकाळीत काय कळणार, आम्हांला कित्येक महिने कळलं नाही. चार लोक वा वा म्हणतील, अन्ना आनंदानं घरी येईल, नंतरचं नंतर.

गड्ड्याचे पाळणे उतरवून झाल्यावरच्या रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. अन्नानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पटाची मोहरी वदिनानं शिवलेल्या कापडी पिशवीत होती, टॉवेलच्याच कापडाच्या. हॉलमध्ये पंधरावीस माणसं होती. सरांनी अन्नाला पुढं बसवलं. अन्ना स्वतः नियम सांगत होता, जरा मोठ्या आवाजात, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा. धोट्याचा नियम सांगताना त्यानं हात या कडेपासून त्या कडेपर्यंत नेला आणि एक वकील म्हणाले, "भारी आहे हो." ते वाक्य अन्नानं त्यांच्या ओठांवर वाचलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तेवढा एक क्षण तो मला पुन्हा कारखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला.

पहिला डाव सर काळी घेऊन खेळले आणि हरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या डावात सरांनी पांढरी घेतली. ते थोडा वेळ पटाकडं बघत राहिले, मग त्यांनी धोटा सोडला, लगेच. पुढच्या खेळीला एक प्यादं एकच घर सरकवलं. तीच ती खेळी. अन्ना हरला. "परत मांडा," तो म्हणाला. परत हरला. मग सरांनी त्याला पांढरी दिली, कुठं काय खेळायचं ते हळूच बोटानं दाखवत गेले आणि त्याला जिंकवलं.

"काका, कल्पना एक नंबर आहे," सर म्हणाले. ते चांगले आहेत, त्यांना कुणाला दुखवता येत नाही. "फक्त एक अडचण वाटते. पहिली खेळी ज्याची, तो जिंकतोच की."

अन्ना हसला. "न्हाय न्हाय. आसं न्हाय." त्यानं पिशवीतून वही काढली आणि पानं उलटून सरांपुढं धरली. "ह्ये बगा. काळी माजी, जिकलो मी. ह्ये बी. ह्ये बी बगा. कितींदा. आन समोर कोन हाय? गनिताच्या बाई हायत. इचारा की तिला."

सर वहीकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं वळले. अन्नाला ऐकू येत नाही हे मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आवाज फक्त खाली घेतला. तोंड फिरवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, येणार तरी कसं. ते कधी मागावर उभे राहिलेले नव्हते.

"मॅडम, तुम्हाला तर हे दिसलं असणारच," ते पुटपुटले.

अन्नाची नजर सरांच्या ओठांवर होती. ती तिथून निघून वहीवर गेली, आणि त्यानं काही पानं मागं उलटली, मग पुढं. कुठून कुठपर्यंत, ते तो शोधत होता. मग वही मिटून पिशवीत घातली. चहा आला. त्यानं पूर्ण कप घेतला, सगळ्यांना नमस्कार केला, सरांच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या रिक्षात तो बाहेर पाहत होता. आमचा बोळ आल्यावर त्यानं विचारलं, "कवापासनं?"

मी त्याच्या समोर तोंड नेऊन म्हणाले, "दिवाळी."

त्यानं मान हलवली. "म्हंजे दिवाळीपासनं मी खेळलोच न्हाय," तो म्हणाला आणि उतरला.

मी त्यानंतर रोज गेले. तो नीट वागायचा. ये म्हणायचा, बस म्हणायचा, शाळेचं विचारायचा. पट मांडला तर "आज नको" म्हणायचा. रागावला असता तर मी पाय धरले असते. वदिनाकडून डबा यायचा बंद झाला. ते मी तिच्या बाजूनं समजू शकले. तिनं मला सोबत करायला बोलावलं होतं, भावाला फसवायला नाही. महिन्याभरात त्याची दाढी पुन्हा वाढली. न्हाव्यानं एकदा मला रस्त्यात विचारलं, खेळाचं काय झालं. मी म्हणाले, चालू आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी हट्टाला पेटले. कागदावर सगळं लिहून नेलं: गाठीशी धोटा थांबला तर काय होतं, दोन्ही बाजू सारख्या कशा होतात, दहा डाव खेळी-खेळीनं. मला वाटलं होतं, तो भांडेल. खरं सांगायचं तर त्यानं भांडावं म्हणूनच मी गेले होते. धोटा मांडीवर आणून ठेवेल, दोनशे तारांचं पुन्हा सांगेल, मला घरातून हाकलेल. ते भांडण मी हरायला तयार होते.

त्यानं कागद हातात घेतला, वाचला नाही.

"थांबव की," तो म्हणाला. "पायजे तिथं थांबव."

"अन्ना, ताणा तुटतो म्हणाला होतास."

"ताणा कुटं राहिलाय आता."

आम्ही खेळलो. दोन आठवड्यांत सहा-सात डाव. मी जीव लावून खेळत होते, इतक्या वर्षांत कधी खेळले नसेन अशी. पहिले पाच मी जिंकले. तो धोटा सोडायचा, माझ्या गाठीपाशी आणून पटाच्या मधोमध ठेवून द्यायचा आणि हात मागं घ्यायचा. ते बघताना मला धोट्याकडं पाहवत नसे. तरी खेळ चांगला झाला होता. खरोखर चांगला. ज्या खेळानं आमची अर्धी वही भरली होती त्याहून कितीतरी चांगला, आणि त्याबद्दल बोलायला आमच्यापैकी कुणाला उत्साह नव्हता.

परवा दुपारी त्याची काळी होती. वरून पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फिरवत होता. सतराव्या खेळीला त्यानं आपला जॉबर मागं घेतला आणि मला ते वेडेपणाचं वाटलं. पुढं तीन खेळ्या गेल्यावर मला दिसलं की त्यानं एक मेलेलं प्यादं उभं करून माझ्या राजाची शेवटची वाट बंद केली आहे. मी बराच वेळ शोधलं. घाम पुसून पुन्हा शोधलं. वाट नव्हती. अशी युक्ती मला सुचली नसती, सरांनाही सुचली नसती. वाटलं, आता वही मागावी, लिहून ठेवावं.

"हरले," मी म्हणाले. "अन्ना, ही चाल कुठून काढलीस?"

तो प्याद्यांचा दोरा सोडवत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओठांकडं नाही, डोळ्यांकडं पाहिलं, आणि हसला. पाहुणे यजमानाच्या मुलाचं तोंडदेखलं कौतुक करतात तेव्हा घरातलं माणूस हसतं तसं.

"हरायला लई चांगलं जमतंय तुला," तो म्हणाला.

मी शपथ घेतली. मुलांची घेतली, आईची घेतली. त्याच्या तोंडासमोर जाऊन एकेक शब्द सुटा करून म्हणाले की या वेळी मी जिंकायला खेळून खरोखर हरले आहे. त्यानं सगळं वाचलं. "व्हय, व्हय," म्हणाला, आणि मोहरी एकेक करून पिशवीत टाकली. मग वदिनाला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

तो डाव त्यानं खराखुरा जिंकला होता. ते सांगू शकेल अशी जगात एकटी मी होते, आणि त्यानं माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण मला देता येईना. मी चहा घेतला आणि घरी आले.